सियोनने पुरलेल्या कुंड्या

मिहीर पेंढारकर रोझी झिराडकरच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तो नेमका शनिवार होता, आणि तिथेच त्याचं बिनसलं.

त्यात बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नॉटिंगहॅमशायरच्या उत्तर टोकाला थॉर्नबी नावाचं दीडशे उंबऱ्यांचं गाव. गावाबाहेर एका कंपनीने जमिनीतल्या गॅससाठी विहीर खणायला घेतली होती. खडक फोडून गॅस काढायचा तर पाणी लागतं, आणि ते थोडंथोडकं नव्हे. टँकरने आणावं तर गावातल्या एकुलत्या एक अरुंद रस्त्याची वाट लागणार. म्हणून कंपनीने पाण्याच्या मुख्य लाइनपासून विहिरीपर्यंत पाइप टाकायचं ठरवलं. वाटेत सात जणांच्या जमिनी होत्या. प्रत्येकाकडून एका कागदावर सही घ्यायची: जमीन तुमचीच, पण तिच्यातल्या दहा मीटरच्या पट्ट्यातून पाइप नेण्याचा हक्क कायमचा आमचा. याला तिकडे ईझमेंट म्हणतात. सहा जणांनी महिन्याभरात सह्या देऊन टाकल्या. सातवी रोझी.

कंपनीच्या यादीत तिच्या नावापुढे ‘भारतीय, विधवा, वय त्र्याहत्तर, साडेतीन एकर’ एवढंच लिहिलेलं होतं. साहेबाने विचार केला, भारतीय बाईकडे भारतीय माणूस पाठवावा. मिहीर लेस्टरमध्ये जन्मलेला, छत्तीस वर्षांचा, आईवडील पुण्याहून आलेले डॉक्टर. एवढ्या मोठ्या देशातला नेमका मराठी माणूस रोझीच्या वाट्याला आला ही काही कंपनीची हुशारी नव्हे, निव्वळ नशीब. आणि जमीनमालक शनिवारी घरी सापडतात, हा त्या धंद्यातला जुना अनुभव. तेव्हा २०१८च्या जूनमधल्या एका शनिवारी मिहीर कागदांची फाइल घेऊन आला.

दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी नळी त्याला बेलच वाटली. त्याने ती दोनदा दाबली. थोडं थांबून परत दाबली. रोझी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती नळी म्हणजे मेझुझा. ज्यू घराच्या दारावर असते, आत पवित्र वचनांची गुंडाळी असते. येणाजाणाऱ्याने तिला बोट लावून ते ओठांना लावायचं अशी रीत आहे. पण तिला इतक्या मनापासून दाबणारा माणूस रोझीने कधी पाहिला नव्हता. हसू दाबतच तिने दार उघडलं.

“नमस्कार, काकू. मी मिहीर. तुमच्या फील्डबद्दल थोडा बोलायचा होता.”

‘काकू’ ऐकून रोझी विरघळली हे खरं. थॉर्नबीत तिला वीस वर्षांत कोणी काकू म्हटलं नव्हतं. पण विरघळली म्हणून तिने सही काही केली नाही. त्याला बसवलं, थर्मासमधला चहा दिला, सोबत करंजी दिली, आईवडिलांची चौकशी केली. त्याने कागद पसरून पेन पुढे केलं तेव्हा मात्र तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “आज नाही.”

मिहीरने गाडीत बसता बसता वहीत लिहून ठेवलं की बाई कसलेली आहे. पुढच्या शनिवारी तो पैशांचा आकडा वाढवून आला. पुन्हा थर्मासमधला चहा, पुन्हा “आज नाही.” तिसऱ्या शनिवारी त्याने साहेबाशी भांडून आकडा दीडपट करून आणला आणि तो सांगताना त्याच्या कपाळावर घाम आला. तेव्हा रोझीला त्याची दया आली.

“अरे बाबा, आकड्याचं काही नाही. आज शनिवार. आमचा शब्बाथ. शनिवारी आम्ही लिहीत नाही, विस्तव पेटवत नाही. म्हणून तर तीन आठवडे तुला थर्मासमधला चहा पाजतेय.”

“पण तुम्ही ख्रिश्चन ना? आय मीन, रोझी...”

“ज्यू. बेने इस्राएल. मूळचे अलिबागच्या बाजूचे. गावाकडे आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. तुम्ही गॅसवाले, आम्ही तेलवाले. तसे जवळचेच की आपण.”

मिहीर कानापर्यंत लाल झाला. “मग फर्स्ट डेलाच का नाही सांगितलात, काकू?”

त्यावर तिने त्याला आणखी एक करंजी दिली. उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर असं होतं की तिला वेळ काढायचा होता. जितके शनिवार फुकट जातील तितके तिला हवेच होते.

हे समजायला तिच्या नवऱ्याबद्दल, सियोनबद्दल, थोडं सांगायला हवं. सियोन आणि रोझी माझगावचे. १९७२ साली लेस्टरला आले. ती हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर झाली, तो त्याच हॉस्पिटलच्या बॉयलर हाऊसमध्ये लागला आणि तीस वर्षांत त्याने एकही सांधा गळू दिला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या या माणसाला पन्नाशी उलटल्यावर एकाएकी जमीन हवीशी झाली. नोकरी संपायला चार वर्षं असताना त्याने थॉर्नबीतलं हे घर आणि मागचं शेत घेतलं. शेत कसलं, नुसतं गवत. त्यात शेजारच्या मॉरीनच्या मेंढ्या चरायच्या. रोझी म्हणायची, मेंढ्या तिच्या, गवत तुमचं आणि चिखल माझ्या किचनमध्ये.

त्याच सुमाराला लंडनमधल्या त्यांच्या छोट्याशा समाजातली म्हातारी माणसं एकेक करून जायला लागली. मागे पुस्तकं राहायची. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी अशी मुंबईत छापलेली प्रार्थनेची पुस्तकं, वल्हांडणाच्या सणाला वाचायची पुस्तकं, हाताने उतरवलेल्या कीर्तनांच्या वह्या. मुलांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, आणि टाकून द्यायला हात धजत नव्हता. ज्यू लोकांत देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं की ते फाडत नाहीत, जाळत नाहीत. माणसासारखं मातीला देतात. हिब्रू पुस्तकांची सोय लंडनला होत होती, पण मराठी वह्या बघून तिथला माणूस बुचकळ्यात पडायचा. यात पवित्र काय आहे हे त्याला कोण सांगणार? सियोनचं म्हणणं अगदी सरळ होतं. देवाला मराठी येत नाही असं कोणी सांगितलं?

मग लोक म्हणायला लागले, सियोन अंकलना द्या. पुस्तकं पोस्टाने यायची, कुणाच्या गाडीच्या डिकीतून यायची. सियोन ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून मातीच्या मोठ्या कुंडीत घालायचा, वर कुंडीखालची ताटली उलटी ठेवायचा आणि पाइपांच्या सांध्यांना लावायचा मसाला लावून ती अशी बंद करायचा की पाण्याचा थेंब शिरू नये. पुस्तक मातीत मिसळायला हवं, हे त्याला कळत होतं. पण गळका सांधा करणं त्याच्या हाताला जमतच नव्हतं. रविवारी सकाळी खांद्यावर फावडं टाकून तो शेतात जायचा. रोझी कधी बरोबर गेली नाही. गुडघे, चिखल, चुलीवरचं काम, कारणं हजार. परत आला की ती भांडी घासता घासता विचारायची, “ठेवलंत का?” आणि तो बूट काढत म्हणायचा, “नीट ठेवलंय.”

या ‘नीट ठेवलंय’पायी त्यांचं जन्मातलं सगळ्यात मोठं भांडण झालं. २००३ साली छपरातून पाणी गळलं आणि कपाटातलं सगळं भिजलं. त्यात रोझीच्या आईची वही होती. एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, कीर्तनं, हळदीची गाणी, सगळं आईच्या हातचं. पानं एकमेकांना चिकटून लगदा व्हायला आलेली. दोन दिवसांनी रोझी बघते तर वही जागेवर नाही. सियोनला विचारलं तर म्हणाला, “नीट ठेवलीय.” कुठे? तर म्हणे, “सांगतो ना, नीट ठेवलीय.” रोझीने घर उलथंपालथं केलं. वही सापडली नाही. तिची खात्रीच झाली की भिजलेल्या वर्तमानपत्रांबरोबर ती रद्दीत गेली आणि आता हा माणूस लपवतोय. दीड महिना ती त्याच्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण आतला काटा काही निघाला नाही.

२०१६च्या मार्चमध्ये सियोन गेला. जाण्याआधी दोन दिवस तो तिला म्हणाला, “माझं पुस्तक त्यांच्याबरोबर ठेव.” त्याचं प्रार्थनेचं पुस्तक, तेराव्या वर्षी बार मित्स्वाच्या विधीला मिळालेलं, पाठ सुटलेली, दोरीने बांधलेलं. ती म्हणाली, ठेवते. कुठे, हे विचारायचं राहिलं. जन्मभर हजारो पेशंटचे चार्ट चोख ठेवणारी बाई, एवढा साधा प्रश्न तिला त्या दिवशी सुचला नाही.

पुरलेल्या पुस्तकांवर दगड ठेवत नाहीत, पाटी लावत नाहीत. वर गवत वाढलं की झालं. दोन वर्षं रोझी सियोनची काठी घेऊन शेतात फिरत होती, इथे टोच, तिथे टोच. चार-पाच ठिकाणी तिने खुरप्याने खणूनही पाहिलं. मेंढ्या लांबून तिच्याकडे बघत राहायच्या. आणि सियोनचं पुस्तक स्वयंपाकघराच्या खणात, चहाच्या टॉवेलांखाली पडून होतं. खण उघडला की तिला त्याची लाज वाटायची.

आता त्याच शेताच्या मधोमध लाल खुंट्या ठोकायला कंपनी निघाली होती. त्या पट्ट्यात कुंड्या असल्या तर यंत्राचं एक फावडं आणि सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या वह्यांचा चुरा. आणि मग सियोनला दिलेला शब्द पाळायला जागाच उरणार नाही. म्हणून रोझी “आज नाही” म्हणत होती.

गावाला हे कुठून कळणार? मॉरीन मेंढ्यांचं निमित्त करून दोनदा येऊन गेली. ती स्वभावाने चांगली, पण तिची नातवंडं ज्या शाळेत जात होती तिच्या दारावरूनच टँकर जाणार होते. “रोझी, पाइप नको तर टँकर येतील,” ती म्हणाली, आणि ते रोझीलाही पटत होतं. गॅसच्या विरोधात पाट्या घेऊन बसलेले लोकही एकदा तिला आपल्यात ओढायला आले. त्यांना तिने चहा दिला आणि सांगितलं, माझी चपाती गॅसवरच फुगते, मी कुठल्या तोंडाने ओरडू? फोनवर क्रॉयडनहून मुलगी, गॅब्रिएला, सुरूच होती.

“आई, व्हॉट आर यू वेटिंग फॉर? जस्ट साइन कर ना.”

“तुझ्या पप्पांना सांगितलंय मी, गॅबी.”

“पप्पा इज नॉट गोइंग टू माइंड.”

“मला वाईट वाटेल ना पण,” रोझी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

चौथ्या खेपेला मिहीर रविवारी आला. फाइल आणली नव्हती. आईने दिलेला थालीपिठाचा डबा आणला होता. या वेळी त्याने मेझुझाला हात लावला नाही, दारावर टकटक केलं. रोझीने गॅसवर ताजा चहा टाकला. तो पिता पिता तो म्हणाला, “काकू, पैसा तुम्हाला नको, हे मला कळला आहे. मग काय पाहिजे ते सांगा. माझ्या बॉसला नाही सांगणार. ऑनेस्टली.”

रोझी उठली, खण उघडला आणि टॉवेलांखालून दोरीने बांधलेलं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. मग सगळं सांगितलं. कुंड्या, रविवार, आईची वही, शेवटचा शब्द. सांगताना मध्येच तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. मिहीरने पुस्तक उघडलं नाही. दोन्ही हात त्याच्यावर ठेवून तो ऐकत राहिला.

“रूट शिफ्ट करता येतो, काकू,” शेवटी तो म्हणाला. “पण मी ऑफिसात काय सांगणार? साडेतीन एकरमध्ये कुठेतरी बुक्स आहेत? जागा पाहिजे.”

“तीच तर नाही माझ्याकडे.”

“कुंड्या मातीच्या होत्या म्हणालात? भाजलेल्या, रेड?”

“लाल. गार्डन सेंटरमधल्या. का रे?”

मिहीर खुर्चीत पुढे सरकला. पाइप टाकण्याआधी जमिनीखाली जुनं पुराणं काही आहे का ते बघावंच लागतं, त्याने सांगितलं. दोन माणसं एक चौकट हातात धरून शेतभर चालतात, खणत काही नाहीत. खाली भाजलेली माती असली, लोखंड असलं, तर त्या यंत्राला ते वरून कळतं. सहाही शेतांत ही माणसं फिरून गेली होती. फक्त रोझीने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं.

ज्यांना रोझी इतके दिवस दारातून हाकलत होती, तेच तिला हवं ते शोधून देऊ शकत होते. तिने लगेच कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की सर्व्हेवाल्यांनी शेतात चालावं, खणू नये. रविवार असल्यामुळे पेन धरायला हरकत नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा असा पडला होता की गवत पिवळं पडून कुरकुरायला लागलं होतं. मॉरीनने मेंढ्या आवरल्या. दोन माणसं दिवसभर शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंगीच्या चालीने चालली. रोझी खिडकीत उभी राहून बघत होती. दुपारी तिने त्यांना लिंबाचं सरबत नेऊन दिलं आणि काही लागलं का म्हणून विचारलं. ते म्हणाले, कॉम्प्युटरवर टाकल्याशिवाय सांगता येत नाही.

दहा दिवसांनी मिहीरचा फोन आला. आवाज गंभीर होता. “काकू, काहीतरी मोठा सापडला आहे. मी येतो.”

तो आला तो नकाशा घेऊन. करड्या कागदावर काळे ठिपके होते. कंपनीने नेमलेल्या पुरातत्त्वाच्या बाई अगदी हरखून गेल्या होत्या, तो म्हणाला. एवढे भाजलेल्या मातीचे कुंभ एका जागी, म्हणजे रोमन काळातली अस्थी ठेवायची जागा असू शकते. सगळे खणून काढायचे म्हणत होत्या त्या. “मी त्यांना सांगितला की थांबा. आधी काकूंना बघू दे.”

रोझीने चष्मा पुसला, लावला. एका रांगेत आठ ठिपके. तिच्याखाली आठ. त्याखाली तिसऱ्या रांगेत तीन, आणि पुढची जागा मोकळी. प्रत्येक ठिपक्यात सारखंच अंतर, जसं पट्टीने मोजून. बॉयलर हाऊसमधल्या नळ्यांचा नकाशा सियोन रविवारी जेवणाच्या टेबलावर काढायचा, तो हुबेहूब असाच दिसायचा. आणि हे सगळं बरोब्बर कंपनीच्या पट्ट्यात, जिथून ती काठी टेकत शंभर वेळा गेली होती.

“रोमन कसले आलेत,” ती म्हणाली. “हे आमचे मिस्टर.”

मिहीरने नकाशाच्या कडेवर बोट ठेवलं. “मग हा एक बाहेर का आहे?”

रांगांपासून वीस पावलांवर, पेअरच्या जुन्या झाडाजवळ, एक ठिपका एकटाच होता. रोझीने तो आधी पाहिला नव्हता. सियोनने रांग मोडली? ज्या माणसाला भिंतीवरचं चित्र बोटभर वाकडं चालत नव्हतं, त्याने? ठिपक्यावरून तिची मान आपोआप वर झाली. सिंकपुढच्या खिडकीतून पेअरचं झाड समोरच दिसत होतं. रोज दिसत होतं. भांडी घासताना तिची नजर जायची ती तिथेच, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. तिने नकाशा घडी करून परत दिला.

पुरातत्त्वाच्या बाई ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. एक तरी कुंभ उघडून, फोटो काढून नोंद करायलाच हवी, त्या म्हणाल्या. रोझीने अटी घातल्या. रविवारी, मशीन न लावता, आणि उघडायची ती पेअरखालची. पुरलेलं उकरायला तिचं मन घेत नव्हतं, पण एक उघडल्याने एकोणीस वाचणार असतील, तर देव समजून घेईल असं तिने ठरवलं.

गॅब्रिएला सकाळच्या ट्रेनने आली. मिहीरने खणलं. दोन फुटांवर लाल कड दिसली, तेव्हा रोझी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली आणि उरलेली माती तिने हातांनी काढली. ताटलीभोवतीचा मसाला दगडासारखा घट्ट होता. तो सोडवायला मिहीरला पाऊण तास लागला. आत प्लास्टिकचे तीन थर. आणि त्यात तिच्या आईची वही.

पानं फुगलेली होती, कडा काळ्या झालेल्या, पण आता ती एकमेकांना चिकटलेली नव्हती. प्रत्येक दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घातलेला होता. कुणीतरी बसून, एकेक पान सुटं करून, वाळवून, मग पुरलं होतं. बॉयलर हाऊसमधल्या जाड बोटांनी हे काम करायला किती दिवस लागले असतील? आणि तेच दिवस रोझी त्याच्याशी बोलत नव्हती.

“हे पप्पांनी केलं?” गॅब्रिएलाने विचारलं. “देन व्हाय डिडन्ट ही टेल यू?”

“सांगत होते,” रोझी म्हणाली. “रोज सांगत होते. मीच ऐकत नव्हते.” मग ती तिथेच, मातीत बसून, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. पुरातत्त्वाच्या बाईंनी कॅमेरा खाली ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

पुढचं काम तसं रुक्ष. कंपनीने पाइप मधून काढून कुंपणाच्या कडेने न्यायचं कबूल केलं. त्यांना ते महाग पडत होतं, म्हणून रोझीने दीडपट आकडा सोडून दिला आणि पहिल्यांदा सांगितला होता तोच घेतला. पण एका गोष्टीवर ती अडून बसली. नकाशावर कुंड्या आणि पेअरचं झाड मिळून एक चौकोन आखायचा आणि कागदात लिहायचं की इथे कोणीही, कधीही, खणायचं नाही. जमीन पुढे विकली गेली तरी नाही. कंपनीचा वकील म्हणाला, पुस्तकं ही काही कबर नव्हे. रोझी म्हणाली, नसेल, तरी लिहा. मिहीर आपल्याच वकिलाशी तीन आठवडे भांडला. हे करताना तो नक्की कोणाकडून बोलतोय असं साहेबाने त्याला विचारलंही म्हणे. सप्टेंबरमधल्या एका बुधवारी रोझीने पेन उचललं आणि सातवी सही झाली.

तो पाइप कधी आलाच नाही. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने असा गॅस काढणंच थांबवलं, विहीर बुजली, मिहीर साउथहॅम्प्टनला दुसऱ्या नोकरीवर गेला. तिथून तो अजून दर शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी फोन करून “शब्बाथ शालोम, काकू” म्हणतो. पण कागद राहिला. ज्या जागेवर सियोनने साधा दगडही ठेवला नव्हता, ती आता सरकारदप्तरी लाल रेघांनी आखलेली आहे.

हे सगळं नंतरचं. सही झाली त्याच्या पुढच्या रविवारी रोझीने सकाळी मलिदा केला. पोहे, नारळ, गूळ, वेलची आणि वर फळं, एलियाहू हन्नबीच्या नावाने, नवस फेडताना करतात तसा. वकील भांडत होते त्या तीन आठवड्यांत तिने आईची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्या वहीत उतरवून काढली होती, फक्त शनिवार सोडून. ताट घेऊन ती, गॅब्रिएला आणि मिहीर अशी तिघं पेअरच्या झाडाखाली गेली. कुंडी खड्ड्यात तशीच होती. रोझीने आईची वही आत ठेवली, वर्तमानपत्राच्या कागदांसकट. तिच्यावर सियोनचं पुस्तक ठेवलं आणि दोरीची गाठ एकदा घट्ट केली.

“पप्पांना तिकडे, लाइनमध्ये नाही ठेवायचं?” गॅब्रिएलाने विचारलं. “त्यांची जागा तिकडे आहे ना, रिकामी.”

“त्यांनी स्वतः रांग मोडून ठेवली ना हिला इथे? मग त्यांनाही इथेच बरं वाटेल.”

मिहीरने ताटली उलटी ठेवली. मसाल्याचा डबा रोझीने सियोनच्या शेडमधून शोधून आणला होता. मिहीर कडेने तो भरायला लागला. जरा घाई करतो म्हणून तिने त्याला दोनदा टोकलं आणि तिसऱ्यांदा त्याच्या हातातून घेऊन स्वतःच अंगठ्याने गोल फिरवला. मग तिघांनी माती लोटली. मलिदा खाल्ला. कुंपणापलीकडून मॉरीनच्या मेंढ्या बघत होत्या.

घराकडे परतताना गॅब्रिएला थांबली. “आई, आर यू शुअर? आजीची वही परत काढायची असेल तर आत्ताच. नंतर नाही मिळणार.”

रोझीने मागे वळून पाहिलं नाही. सिंकच्या खिडकीतून तिला ती जागा रोजच दिसणार होती.

“नको,” ती म्हणाली. “नीट ठेवलीय.”